पट ३ वरून शंभराच्या वर: जालिंदरनगरची शाळा आणि आपल्या गावची शाळा, पालकांनी काय पाहावं?

वर्धा : जूनच्या शेवटी विदर्भातल्या शाळा उघडतात आणि गावात तालुक्याच्या इंग्रजी शाळेची गाडी यायला लागते. ती भरून गेली की जिल्हा परिषदेच्या शाळेत किती पोरं उरली, याची चर्चा पारावर सुरू होते. आर्वी असो, आष्टी असो की समुद्रपूर, प्रश्न तोच. म्हणून पटाचा हिशेब इथे एकदा नीट देत आहोत.

पट म्हणजे हजेरीपत्रकावरची मुलं. ३० सप्टेंबरचा पट महत्त्वाचा, कारण त्यावरच संचमान्यता होते, म्हणजे शाळेला शिक्षक किती हे ठरतं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४. मात्र १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने २० आणि त्याहून कमी पटाच्या शाळांचे निकष बदलले, त्यामुळे अशा शाळांचं टेन्शन वाढलं. मुलं कमी म्हणून शिक्षक कमी, शिक्षक कमी म्हणून आणखी मुलं जातात. हे चक्र फिरलं की थांबवणं अवघड.

पण ते उलटंही फिरतं. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेत २०२२ मध्ये अवघी ३ मुलं होती. शाळा बंद पडायच्या बेतात. तिथे दत्तात्रय वारे गुरुजी आले. याआधी शिरूर तालुक्यातली वाबळेवाडीची शाळा त्यांनी गावकऱ्यांच्या साथीने नावारूपाला आणली होती. तिथे पोरांना घालायला बाहेरगावचे पालक रांगा लावायचे. जालिंदरनगरचा पटही शंभराच्या वर गेला, आणि २०२५ मध्ये जगातल्या उत्कृष्ट शाळांच्या पुरस्कारांत लोकांच्या मतदानातून मिळणारा पुरस्कार या शाळेला मिळाला.

तिथली सर्वात उचलण्यासारखी गोष्ट म्हणजे 'विषय मित्र'. वेगवेगळ्या वयाची पोरं एकमेकांना शिकवतात. ज्याला गणित येतं तो गणिताचा मित्र. एका गुरुजीकडे दोन-तीन वर्ग असलेल्या शाळेत, म्हणजे आपल्याकडच्या बऱ्याच शाळांत, हे बिनखर्चाचं आहे. इमारत आणि रंगरंगोटी नंतर आली तरी चालते.

एक बाजू मात्र कुणी बोलत नाही. एका शाळेत बाहेरची पोरं आली की शेजारच्या वाडीचा पट घसरतो. लहान मुलाला रोज दूर पाठवायचं म्हणजे गाडीभाडंही आलं. म्हणून तर नियमात पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत असावी असं म्हटलं आहे. आणि शाळा कितीही नावाजलेली असो, प्रवेशासाठी चाचणी किंवा देणगी घेता येत नाही. वयाचा दाखला नाही म्हणून मूल परत पाठवता येत नाही.

आता गुणवत्ता. लहान शाळेच्या टक्केवारीवर फार जाऊ नका. वर्गात ५ पोरं असतील तर एकाच्या निकालाने २० टक्के वरखाली होतात. ४ डिसेंबर २०२४ ला तिसरी, सहावी, नववीचं जे 'परख' सर्वेक्षण झालं, ते निवडक शाळांत झालं. त्यावरून जिल्ह्याचा अंदाज येतो, तुमच्या शाळेचा नाही. त्यापेक्षा घरीच बघा. तिसरीतल्या पोराला दुसरीच्या पुस्तकातला परिच्छेद वाचायला द्या. हातच्याची दोन अंकी वजाबाकी घाला. अडखळलं तर गुरुजींना भेटा, भांडायला नव्हे, विचारायला.

पाचवीतल्यांसाठी आपल्याच जिल्ह्यात सेलुकाटे इथे जवाहर नवोदय विद्यालय आहे. सहावीला ८० जागा, त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी. तिसरी, चौथी, पाचवी गावच्या शाळेत झाली असेल तरच ग्रामीण कोटा लागतो, हे पुष्कळांना उशिरा कळतं. पेपर १०० गुणांचा, ८० प्रश्न, २ तास, मराठीतून देता येतो. निम्मे गुण बुद्धिमत्तेचे, बाकी गणित आणि भाषा.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असायला पाहिजेत. सभेला जा. पट किती, आधार जुळलेली मुलं किती, शिक्षक मंजूर किती आणि हजर किती, हे चार आकडे विचारा. बुनियादी शिक्षणाची परिषद ऑक्टोबर १९३७ मध्ये याच वर्ध्यात भरली होती, तेव्हा शाळेचं विचारायला आपल्याला लाजायचं कारण नाही. ३० सप्टेंबरच्या आधीची सभा चुकवू नका. त्यानंतर पटावर आलेलं पोर त्या वर्षीच्या शिक्षक मंजुरीत धरलं जात नाही.