जांबवंताची फर, जटायूची पिसे : बालनाट्यासाठी घरगुती पोशाख

गणेशोत्सवातील बालनाट्यासाठी राम, सीता, रावण यांचे कपडे भाड्याने सहज मिळतात. जांबवंत आणि जटायू यांचे बहुधा मिळत नाहीत. मिळालेच तर सोबत तोंड पूर्ण झाकणारा मुखवटा असतो. त्यातून मुलाला धड दिसत नाही, श्वास कोंडतो आणि बोललेले आतच राहते. शाळेत दिवसभर हिंदी किंवा गुजराती बोलणारी आपली मुले महिनाभर मराठी संवाद पाठ करतात. ते शेवटच्या रांगेतल्या आजीला ऐकू यायला हवेत. म्हणून मुखवटा चेहऱ्यावर नको, कपाळावर हवा. कानटोपीच्या पुढच्या बाजूला फोमचे मुस्कट किंवा चोच शिवावी आणि खालचा चेहरा मोकळा ठेवून रंगवावा.

जांबवंत म्हणजे अस्वल, पण खेळण्यांच्या दुकानातले तपकिरी गुबगुबीत अस्वल नव्हे. आपल्याकडचे अस्वल काळे, झिपरे, फिकट मुस्कटाचे असते आणि त्याच्या छातीवर इंग्रजी 'व्ही'सारखा पांढुरका पट्टा असतो. तो पट्टा तेवढा विसरू नये. अंगभर फर घातली तर दिव्यांच्या उष्णतेत मूल घामाघूम होते. काळा सुती सदरा-पायजमा आत घालून फक्त जाकीट, मनगटे, पोटऱ्या आणि टोपी फरची करावी. आठ-दहा वर्षांच्या मुलाला दीड मीटर पन्ह्याचे एक मीटर कापड पुरते.

फरचे कापड कात्रीने सरळ कापू नये. केस अर्धवट कापले जातात आणि कडा बोडक्या दिसतात. उलट बाजूने खडूने आखून ब्लेडने फक्त खालचे कापड चिरावे. सगळ्या तुकड्यांत केसांची दिशा वरून खाली ठेवावी. शिवताना केस आत ढकलावेत आणि नंतर शिवणीत अडकलेले केस जाड सुईने बाहेर ओढून विंचरावेत. शिवण दिसेनाशी होते.

जटायूला जास्त वेळ लागतो. तो गिधाडांचा राजा, तेव्हा मोरपिसे त्याला शोभत नाहीत. शिवाय रानातल्या पक्ष्यांची पिसे वापरण्यात कायद्याचाही प्रश्न येतो. आजच्या मुलांनी गिधाड पाहिलेलेच नसते. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे गिधाडे झपाट्याने संपत गेली; २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. म्हणून आधी मुलांना छायाचित्र दाखवावे : उघडी मान, गळ्याभोवती पांढरट पिसांची झालर, करडे-तपकिरी पंख.

पिसे जुन्या सुती लुगड्याची करावीत. दोन पदरांमध्ये गव्हाच्या पिठाची खळ लावून वाळवावे, पिसाच्या आकारात कापावे आणि मधोमध मशीनची एक शिवण घालावी. तोच पिसाचा दांडा. लांबी खालच्या ओळीला वीस, मधल्या ओळीला बारा आणि वरच्या ओळीला सात सेंटिमीटर. कौले शाकारतात तशी खालून वर लावत यावे. एका पंखाला साठ-सत्तर पिसे लागतात. ती शिवावीतच. एका वर्षी वेळ वाचवण्यासाठी आम्ही ती गरम गोंदाने चिकटवली होती. रावण रंगमंचावर येण्याआधीच जटायूची पिसे गळू लागली आणि सगळा मांडव हसला. बिचारा जटायू रडकुंडीला आला होता.

रावण पंख छाटतो, म्हणून पंख सुटे हवेत. खांद्याला वेल्क्रो आणि मनगटाला इलॅस्टिकचा फास लावावा. वेल्क्रोची खरखरीत बाजू पंखाला आणि मऊ बाजू खांद्याला. उलट केल्यास जटायूचा खांदा सीतेच्या पदरात अडकतो. पुठ्ठ्याची तलवार फिरताच मुलाने स्वतः हात फासातून काढून खांदा झटकावा. वेल्क्रोची चर्रर्र ढोलकीच्या थापेखाली झाकून जाते. याची तालीम पोशाखासह निदान तीनदा घ्यावी.

कृत्रिम फर ठिणगीने वितळते आणि अंगाला चिकटते. पोशाखातल्या मुलाला आरतीच्या तबकाजवळ, समईजवळ उभे करू नये. आरती आधी, पोशाख नंतर. प्रवेशाच्या दहा मिनिटे आधी कपडे चढवावेत, पाणी आधीच पाजावे.

विसर्जनानंतर पोशाख सावलीत वाळवून कडुनिंबाच्या पाल्यासह सुती पिशवीत ठेवावा. खळीच्या पिसांना झुरळे लागतात, तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत एकदा उघडून पाहावे.