प्रक्षुब्ध प्रवाह : अणुभट्टीत आणि आदिविश्वात

खडकांवर आपटून भोवरे घेत वाहणाऱ्या पाण्याच्या गतीला भौतिकशास्त्रात 'प्रक्षुब्ध प्रवाह' म्हणतात. अणुभट्टीत तो उपकारक ठरतो. तारापूर येथे १९६९ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांच्या रचनेत इंधननळ्यांभोवती साधे पाणी उकळते व त्या वाफेवर टर्बाइन फिरते. नळीलगतचा संथ थर उष्णता अडवतो. भोवरे तो घुसळून उष्णता वाहून नेतात. भट्टी बंद केल्यानंतरही इंधनातील किरणोत्सारी द्रव्ये तापत राहतात. ही उष्णता प्रारंभी पूर्ण क्षमतेच्या सुमारे ६ ते ७ टक्के असते. म्हणूनच पाण्याचा प्रवाह थांबणे घातक ठरते. २०११ मध्ये भूकंप व त्सुनामीमुळे शीतकरण बंद पडून जपानमधील फुकुशिमा येथे याच प्रकारच्या भट्ट्यांतील इंधन वितळले.

विश्वाच्या पहिल्या क्षणांतील तप्त द्रव्यातही असाच क्षोभ माजून गुरुत्वीय लहरी उठल्या असाव्यात, असा एक तर्क आहे. अशा लहरींच्या पार्श्वभूमीचा पुरावा जून २०२३ मध्ये विविध देशांतील शास्त्रज्ञांनी स्पंदक ताऱ्यांच्या निरीक्षणांतून मांडला. त्यात नारायणगावजवळील खोडदच्या 'जीएमआरटी' या रेडिओ दुर्बिणीचाही वाटा होता. या लहरी महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांच्या की आदिविश्वातील क्षोभाच्या, याचा निर्णय मात्र अद्याप लागलेला नाही.