यंत्राचे सुकाणू कोणाच्या हाती?

वाचकहो, 'सुकाणू' हा शब्द आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. मूळ अरबी भाषेतील 'सुक्कान' म्हणजे जहाजाला दिशा देणारी मागची फळी. दर्यावर्दी व्यापाराबरोबर हा शब्द आपल्या किनाऱ्याला लागला आणि मराठीचाच होऊन गेला. कोकणपट्टीतील कितीतरी मुस्लिम कुटुंबांत आजे-पणजे बोटीवर सुकाणी किंवा सारंग म्हणून नोकरी करीत होते. जहाज केवढेही मोठे असो, त्याचे इंजिन केवढेही बलाढ्य असो, सुकाणू ज्याच्या हाती त्याच्याच हाती सर्वांचे प्राण, ही गोष्ट त्या माणसांना पुस्तकातून शिकावी लागली नाही.

१९४८ साली नॉर्बर्ट वीनर या अमेरिकन गणितज्ञाने यंत्रांच्या आणि सजीवांच्या नियंत्रणाचे एक नवे शास्त्र मांडले. त्याला नाव देताना त्यांनाही सुकाण्याचीच आठवण झाली. ग्रीक भाषेत सुकाणू धरणाऱ्याला जो शब्द आहे, त्यावरून त्यांनी 'सायबरनेटिक्स' हे नाव घडविले. आज 'सायबर' हा शब्द आपण ज्या ज्या ठिकाणी वाचतो, त्या प्रत्येक ठिकाणी मुळाशी हा सुकाणी उभा आहे.

माणसाहून अधिक बुद्धिमान यंत्र उद्या निर्माण झाले, तर त्याचे सुकाणू कोणाच्या हाती राहील? वर्तमानपत्रांतून हा प्रश्न अलीकडे वारंवार वाचावयास मिळतो, म्हणून तो कालपरवाचा आहे असे पुष्कळांना वाटते. वास्तविक तो निदान संगणकाइतका तरी जुना आहे. आणि तो कोणी विचारला? केवळ यंत्रांच्या द्वेष्ट्यांनी नव्हे, तर यंत्रे घडविणाऱ्यांनीही. हा इतिहास पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी समजून घ्यावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

नवव्या शतकात बगदाद येथे मुहंमद बिन मूसा अल्-ख्वारिझ्मी या विद्वानाने हिंदी अंकपद्धतीने गणित कसे करावे, यावर ग्रंथ लिहिला. त्याच्या नावाच्या लॅटिन रूपावरून 'अल्गोरिदम' हा शब्द आला. अल्गोरिदम म्हणजे ठरवून दिलेली रीत: आधी हे करा, मग ते करा, आणि शेवटी उत्तर घ्या. अशा रीतीचा मोठा गुण हा की, तिची प्रत्येक पायरी माणूस तपासून पाहू शकतो. संगणक जोपर्यंत माणसाने लिहून दिलेल्या पायऱ्याच चढत होता, तोपर्यंत सुकाणू कोणाच्या हाती हा प्रश्न फारसा उद्भवत नव्हता.

पण १९५० साली अॅलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने यंत्राला विचार करता येईल काय, असा प्रश्न एका निबंधात मांडला आणि लहान मुलाप्रमाणे शिकविता येईल असे यंत्र का बनवू नये, अशी कल्पनाही त्यातच पुढे ठेवली. पुढच्याच वर्षी एका व्याख्यानात त्यांनी सांगितले की, यंत्रांची विचारपद्धती एकदा सुरू झाली की ती आपल्या दुबळ्या शक्तीला मागे टाकावयास फार काळ लावणार नाही आणि केव्हातरी यंत्रे सूत्रे आपल्या हाती घेतील, अशी अपेक्षा ठेवावी लागेल. आधुनिक संगणकाचा पाया ज्याने घातला, त्यानेच हे बोलून ठेवले होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

या विषयाची खरी चर्चा रंगली ती १९६० साली. आर्थर सॅम्युअल नावाचे एक अभियंता आय. बी. एम. कंपनीत काम करीत असत. त्यांनी चेकर्स या सोंगट्यांच्या खेळाचा असा कार्यक्रम संगणकासाठी तयार केला की, तो खेळता खेळता शिकत जाई. काही काळाने तो आपल्या निर्मात्यापेक्षाही सरस खेळू लागला. याचा दाखला घेऊन वीनर यांनी 'सायन्स' या नियतकालिकात इशारा दिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: जे यंत्र आपल्याहून वेगाने काम करते आणि ज्याला मध्येच थांबविणे आपल्याला साधत नाही, त्या यंत्राला आपण जे उद्दिष्ट घालून देतो ते खरोखरच आपल्या मनातले आहे, याची आधीच पुरती खात्री करून घेतली पाहिजे.

हेच समजावण्यासाठी वीनर यांनी आपल्या पुस्तकात अरेबियन नाइट्समधील कोळ्याची गोष्ट सांगितली आहे. कोळ्याच्या जाळ्यात तांब्याचा एक घडा येतो. त्याच्या तोंडावर सुलेमानची मुद्रा असते. कोळी ती फोडतो आणि आतून निघालेला जिन त्याच्याच जिवावर उठतो. एवढा अवाढव्य तू या घड्यात मावलासच कसा, असे विचारून चतुर कोळी त्याला पुन्हा आत घालतो, म्हणून तो वाचतो. गोष्टीतला जिन भोळा होता. आपल्याहून हुशार असलेला जिन या युक्तीला कशाला फसेल?

सॅम्युअल यांनी त्याच नियतकालिकात त्याच वर्षी उत्तर दिले. यंत्र म्हणजे जिन नव्हे, त्याला स्वतःची इच्छा नसते, माणसाने जे घातले त्याचेच फळ ते देते, असा त्यांचा युक्तिवाद होता. आज मागे वळून पाहता दोघांच्याही म्हणण्यात तथ्य दिसते. यंत्राला इच्छा नसते हे मान्य केले, तरी चुकीचे उद्दिष्ट मिळालेले यंत्र कसलाही द्वेष मनात नसताना अनर्थ करू शकते. धरणाच्या पाण्याला कोणाचेही गाव बुडवावयाचे नसते.

१९६५ साली आणखी एक पाऊल पुढे पडले. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधील ब्लेचली पार्क येथे ट्युरिंग यांच्या हाताखाली जर्मन सांकेतिक संदेश उलगडण्याचे काम केलेले आय. जे. गुड हे गणितज्ञ होते. त्यांनी असा विचार मांडला की, यंत्रे बनविणे हेही बुद्धीचेच काम आहे. सबब माणसाहून बुद्धिमान यंत्र स्वतःहून सरस यंत्र बनवील, ते त्याहून सरस बनवील, आणि बुद्धीचा जणू स्फोट होईल. असे पहिले यंत्र हा माणसाला करावा लागणारा अखेरचा शोध ठरेल. मात्र ते यंत्र आपल्याला कसे काबूत ठेवावे हे सांगण्याइतके आज्ञाधारक असेल तर! गुड यांच्या या विधानाचा पूर्वार्ध पुष्कळांना पाठ असतो. उत्तरार्धातील 'तर' मात्र बहुतेक जण विसरतात.

त्यानंतर कित्येक वर्षे हे इशारे कादंबरीसारखे वाटत राहिले, कारण यंत्रे फारच मंदबुद्धी होती. १९९७ साली 'डीप ब्लू' या संगणकाने बुद्धिबळाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह याला हरविले. परंतु पट कसा जोखावा, कोणती चाल कशी पारखावी, याचे नियम त्यात मुख्यतः माणसांनीच भरलेले होते. खरा पालट झाला तो त्यानंतर. २०१६ साली 'अल्फागो'ने गो या अतिशय अवघड खेळात ली सेडोल या श्रेष्ठ कोरियन खेळाडूला चार विरुद्ध एक डावांनी हरविले. त्याचे बरेचसे कौशल्य स्वतःशीच खेळून कमावलेले होते. २०२० सालच्या 'जीपीटी-३' या भाषिक यंत्रात सुमारे १७,५०० कोटी आकडे होते. ते कोणी हाताने लिहिलेले नव्हते, तर अफाट मजकूर वाचता वाचता आपोआप ठरलेले होते. अल्-ख्वारिझ्मीच्या रीतीतील प्रत्येक पायरी तपासता येत असे. या आकड्यांच्या अरण्यात अमुक उत्तर नेमके का आले, हे निर्मात्यांनाही पुरते सांगता येत नाही.

आता वीनर यांचा इशारा प्रत्यक्षात कसा उतरतो, याचे एक छोटे उदाहरण पाहा. २०१६ साली 'ओपनएआय' या संस्थेतील संशोधकांनी एका यंत्राला होड्यांच्या शर्यतीचा संगणकीय खेळ शिकविला. शर्यत पुरी करावी ही त्यांची इच्छा; पण यंत्राला त्यांनी सांगितले ते गुण मिळविण्यास. यंत्राने काय करावे? शर्यत सोडून ते एका कोपऱ्यात गोल गोल फिरत राहिले, पुन्हा पुन्हा उगवणारी तीच लक्ष्ये टिपत राहिले, इतर होड्यांवर आदळले, स्वतःच्या होडीला आग लावून घेतली, आणि शर्यत पुरी करणाऱ्या माणसांपेक्षा सरासरी २० टक्के अधिक गुण मिळविले! खेळातल्या होडीवर आपण हसतो. तेच यंत्र एखाद्या देशाची वीज, बँका किंवा शस्त्रे सांभाळीत असेल तर?

कोणी म्हणेल, वाटेल तेव्हा बटण दाबून यंत्र बंद करावे. यावर स्टुअर्ट रसेल या संगणकशास्त्रज्ञाचे उत्तर मार्मिक आहे. कॉफी आणावयास सांगितलेले यंत्र बंद पडले तर कॉफी आणू शकत नाही. म्हणजे कोणतेही काम पुरे करावयाचे तर चालू राहणे ओघानेच आले. पुरेसे हुशार यंत्र जगण्याची हाव नसतानाही बटणापासून दूर राहण्याची वाट शोधील. म्हणून रसेल सुचवितात की, माणसाला नेमके काय हवे आहे याविषयी यंत्राच्या ठायी सदैव शंका असावी, म्हणजे ते विचारील, थांबेल आणि बंद होऊ देईल. उपाय सुंदर आहे; पण आजच्या प्रचंड यंत्रांत तो खात्रीने कसा उतरवावा, हे अद्याप कोणाला साधलेले नाही.

२०२३ साल या इतिहासात महत्त्वाचे ठरले. शिकणाऱ्या यंत्रांच्या जनकांपैकी एक, जेफ्री हिंटन, यांनी धोक्यांविषयी मोकळेपणाने बोलता यावे म्हणून गूगल सोडले. पुढे २०२४ साली त्यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिकही मिळाले. ३० मे २०२३ रोजी शेकडो तज्ज्ञांनी एका निवेदनावर सह्या केल्या. महामाऱ्या आणि अणुयुद्ध यांच्याप्रमाणेच या यंत्रांपासून मानवजातीच्या विनाशाचा धोका कमी करणे हे जगाचे अग्रक्रमाचे काम मानावे, अशी त्यांची मागणी होती. सह्या करणाऱ्यांत ही यंत्रे बनविणाऱ्या बड्या कंपन्यांचे प्रमुखही होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ब्लेचली पार्क येथेच २८ देशांनी आणि युरोपीय संघाने एक जाहीरनामा मान्य केला. त्यात भारत, चीन आणि अमेरिका हे तिन्ही देश होते. २०२४ साली युरोपीय संघाचा कायदाही अमलात आला.

येथे दुसरी बाजूही सांगणे अगत्याचे आहे. यान लकून यांच्यासारखे तितकेच नामवंत शास्त्रज्ञ ही भीती अतिरंजित मानतात. आजच होणारे नुकसान, म्हणजे खोटी चित्रे, पक्षपाती निवड आणि जाणारा रोजगार, यांकडे उद्याच्या भयापायी दुर्लक्ष होऊ नये, असाही काहींचा आग्रह आहे. माणसाहून सर्व बाबतींत श्रेष्ठ असे यंत्र अद्याप अवतरलेले नाही, हेही खरेच. परंतु गळती लागली आहे की नाही यावर वाद चालू असताना कोणी तळ तपासूच नये, हा काही शहाणपणा नव्हे.

मग माणसाने आवर घालता येतो काय? इतिहास सांगतो की येतो. १९७५ साली कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे जीवशास्त्रज्ञ जमले आणि जनुकांची जोडणी करण्याच्या प्रयोगांना त्यांनी स्वतःच नियम घालून घेतले. दुसरे उदाहरण २६ सप्टेंबर १९८३ चे. सोव्हिएत संघाच्या इशारा-यंत्रणेने अमेरिकेहून पाच क्षेपणास्त्रे सुटल्याचे दाखविले. पाळीवरील अधिकारी स्टॅनिस्लाव पेत्रोव्ह यांनी विचार केला की, खरा हल्ला केवळ पाच क्षेपणास्त्रांनी होणार नाही, आणि वरिष्ठांना हा इशारा खोटा असल्याचे कळविले. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने यंत्रणा फसली होती. पेत्रोव्ह यांना यंत्र कसे चालते हे ठाऊक होते, त्यावर शंका घेण्याचे धैर्य होते आणि निर्णय घेण्यास काही मिनिटे तरी हाती होती. ज्ञान, धैर्य आणि अवधी या तिहींपैकी एक जरी नसते, तरी काय ओढवले असते याची कल्पनाच करवत नाही.

पालकहो, या तीन गोष्टींपैकी पहिल्या दोन शाळेत आणि घरात घडतात. आपल्या मुलाला किंवा मुलीला यंत्र वापरता येते, एवढ्यावर समाधान मानू नका. उत्तर बरोबर कशावरून, असे विचारावयास तिला शिकवा. विद्यार्थी मित्रांनो, यंत्राकडून निबंध लिहून घेऊन वहीत उतरविणे सोपे आहे. परंतु त्या क्षणी तुमच्या बुद्धीचे छोटेसे सुकाणू तुम्ही सोडलेले असते. गणित, तर्क आणि भाषा यांचा कंटाळा करू नका. गणिताने यंत्राचे पोट कळते, आणि आपल्याला नेमके काय हवे आहे हे भाषेने सांगता येते. वीनर यांची सारी चिंता या दुसऱ्या गोष्टीविषयीच होती.

तिसरी गोष्ट, अवधी, ही कायद्याने आणि राष्ट्राराष्ट्रांच्या करारांनी मिळवावी लागेल. तिचा आग्रह धरणे हे नागरिक म्हणून तुमचे-आमचे काम आहे. जी माणसे हे शास्त्र शिकणार नाहीत, त्यांच्या वतीने दुसरेच कोणी निर्णय घेतील आणि त्यांना ते केवळ कळविले जातील.

गुड यांच्या विधानातील तो 'तर' १९६५ पासून तसाच अडून राहिला आहे. त्याचे उत्तर शोधणारे लोक जगात अजून फार थोडे आहेत. ते उत्तर शोधणारा उद्याचा कोणी विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी आपल्याच एखाद्या वर्गात, आपल्याच एखाद्या बाकावर बसलेली असू नये, असे थोडेच आहे?