ओळंब्याची भावकी

भेडाघाटच्या पंचवटी घाटावर नाव भरायची वाट बघत बसलो होतो. भाच्याच्या मांडीवर लॅपटॉप, त्यात कुठल्याशा बंगल्याचा प्लॅन आणि कपाळावर आठ्या. "मामा, हॅच भरत नाहीये." भिंतीच्या जाडीत तिरप्या रेघा भरायच्या होत्या आणि यंत्र नकार देत होतं. त्याने चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. शेवटी कोपऱ्यात, दोन रेघांच्या टोकांमध्ये, केसाएवढी फट सापडली. "स्नॅप पकडलाच नव्हता," तो म्हणाला आणि एफ ३ दाबलं.

पकडणं हे क्रियापद त्याने सहज वापरलं, पण ते नेमकं आहे. 'स्नॅप' मुळात तोंडाने चट्कन पकडणं, कुत्रा भाकरीचा तुकडा हवेत झेलतो तसं. कर्सर रेघेच्या टोकाजवळ गेला की टोक त्याला झेलतं. मराठी ड्राफ्ट्समनने 'बद्धबिंदू' वगैरे न म्हणता 'पॉइंट पकड' म्हटलं, हे मला कोणत्याही परिभाषाकोशापेक्षा जास्त पटतं.

तेवढ्यात शेजारच्या दुकानातल्या कारागिराने पोराला हाक मारली, "गुनिया देना." पोराने गंजका लोखंडी काटकोन पुढे केला. गुनिया म्हणजे आपला गुण्या. लहानपणी मला वाटायचं, सुताराने आपल्या गुणी हत्याराला लाडाने ठेवलेलं हे नाव. तसं काही नाही. फारसीत तो गूनिया आणि त्याच्याही मागे ग्रीक 'गोनिया', म्हणजे कोपरा. पॉलिगॉन, डायगोनल यांतला 'गोन' तोच. गंमत पुढे आहे. आपल्या ज्योतिषातला 'त्रिकोण' हाही ग्रीक 'त्रिगोनोन'वरून आल्याचं अभ्यासक मानतात. म्हणजे मिस्त्री "गुण्याने कोन बघ" म्हणतो, तेव्हा एकाच घरातले दोन भाऊ समोरासमोर येत असावेत. एक इराणच्या वाटेने आलेला, दुसरा ज्योतिषाच्या पोथीतून. ओळख मात्र लागत नाही.

भाच्याचा गुण्या म्हणजे एफ ८. ते दाबलं की रेघ आडवी नाही तर उभी, तिरपी जातच नाही. त्याचं नाव ऑर्थो. ग्रीक 'ऑर्थोस' म्हणजे सरळ, ताठ. संस्कृत 'ऊर्ध्व' हा त्याचा सख्खा भाऊ मानतात. एफ ७ची ग्रिड मात्र थेट स्वयंपाकघरातली. 'ग्रिडआयर्न' म्हणजे मांस भाजायची लोखंडी जाळी, तिचं आखूड केलेलं नाव ग्रिड.

स्नॅपच्या यादीत 'परपेंडिक्युलर' आहे. शाळेत आपण त्याला लंब म्हणतो आणि तो पायाशी रोवलेल्या खांबासारखा उभा काढतो. पण 'लम्ब्' धातूचा अर्थ लोंबणं. लॅटिन 'पेंदेरे' म्हणजेही टांगणं, आणि 'पर्पेंदिकुलुम' म्हणजे चक्क ओळंबा. आपला ओळंबा 'अवलंब'चा, म्हणजे लोंबण्याचाच. दोन्हीकडच्या गवंड्यांनी दोरीला वजन बांधून खाली सोडलं आणि तिच्यावरून ९० अंश ओळखले. उभी रेघ खालून वर जात नाही, वरून खाली येते. ज्याने भिंत बांधली आहे त्याला हे सांगावं लागत नाही. भूमितीच्या पुस्तकाला लागतं.

रेघेचंही तसंच. 'लाइन' लॅटिन 'लिनेआ'वरून, म्हणजे जवसाच्या धाग्याची दोरी. बांधकामावरचे लोक 'लाइनदोरी' म्हणतात ते ऐकून हसू नये. एकाच वस्तूची ती दोन नावं, शेजारी बसून काम करणारी. आपण धाग्याला सूत म्हणतो आणि त्याच सुताने मोजतोही. आठ सूत म्हणजे एक इंच.

हे सूत भेडाघाटला कोरून ठेवलेलं आहे. कलचुरी राणी अल्हणदेवीने इथे शिवमंदिर बांधलं, त्याचा शिलालेख कलचुरी संवत ९०७चा, म्हणजे इ. स. ११५५चा. कलचुरींचे लेख एकत्र संपादित करून १९५५मध्ये प्रसिद्ध केले ते आपल्या नागपूरच्या वा. वि. मिराशींनी. अल्हणदेवीच्या या लेखात मंदिर बांधणाऱ्या सूत्रधाराचं नाव येतं, पीथे. नाटकातला सूत्रधार आपल्या ओळखीचा, हा मात्र खरंच हातात सूत धरणारा, आखणी करणारा. हाच शब्द झिजत झिजत सुतार झाला.

दुपारी पायऱ्या चढून चौसष्ट योगिनींच्या मंदिरात गेलो. दहाव्या शतकातलं, उघडं, गोल आवार. नावाला चौसष्ट, पण कोनाडे मोजत गेलं तर ऐंशीच्या पुढे जातात. (कोनाडा शब्दात कोन लपलेला, आणि इथे गोलाकार भिंतीला कोपराच नाही.) भाच्याचे डोळे चमकले. "एक कोनाडा काढायचा आणि पोलर अ‍ॅरे मारायचा, गोलात सगळे आपोआप उमटतात. पाच मिनिटांचं काम." मग थोडं थांबून, "फक्त सेंटर पकडायला हवा."

मी त्याला सांगितलं, ग्रीक 'केंत्रोन' म्हणजे टोचणारं टोक. बैलाची पराणी, आणि पुढे कंपासाचा रुतलेला पाय. इंग्रजीने त्याचं सेंटर केलं, संस्कृतने केंद्र. इथेही कुणीतरी खुंटी ठोकून, तिला सूत बांधून गोल फिरलं असणार.

त्याने लॅपटॉपची बॅग माझ्याकडे दिली, भिंतीला पाठ लावली आणि पावलं मोजत समोरच्या भिंतीकडे निघाला. मधे गौरीशंकराचं देऊळ आडवं आलं. "च्यायला," म्हणाला, आणि देवळाला वळसा घालून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला.