न जुळलेल्या लहरी

१९४४ च्या जून महिन्यात दोस्त राष्ट्रांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या, तेव्हा बिनतारी यंत्रांच्या बाबतीत अमेरिकन पायदळाइतके संपन्न पायदळ जगात दुसरे क्वचितच असेल. एका हातात धरून बोलता येईल असे यंत्र कंपनीच्या लहान तुकड्यांपर्यंत पोहोचले होते. असे असूनही, दाट कुंपणाआडून मारा करणाऱ्या जर्मन मशिनगनची जागा शेजारच्या रणगाड्यातील मंडळींना दाखवावयाची झाली, की पायदळाच्या शिपायाला गोळ्यांच्या वर्षावात रणगाड्यावर चढून बंदुकीच्या दस्त्याने त्याचे झाकण ठोठवावे लागे. यंत्र त्याच्यापाशी होते, रणगाड्यातही होते. परंतु एकाचा शब्द दुसऱ्याला ऐकू जाणे शक्यच नव्हते. दोन्ही यंत्रे ठणठणीत असताना असे का व्हावे?

हातातल्या यंत्राचे लष्करी नाव ‘एससीआर-५३६’ आणि लाडके नाव ‘हँडी-टॉकी’. शिकागोच्या गॅल्व्हिन कंपनीने, म्हणजेच पुढे मोटोरोला या नावाने प्रसिद्ध झालेल्या कंपनीने, १९४१ मध्ये ते तयार करण्यास प्रारंभ केला. (‘वॉकी-टॉकी’ हे नाव आज आपण हातातल्या यंत्राला देतो, युद्धकाळी ते पाठीवर बांधून न्यावयाच्या मोठ्या यंत्राचे होते.) वजन सुमारे पाच पौंड, आत पाच व्हॉल्व्ह, आणि एरियलची कांडी बाहेर ओढली की यंत्र सुरू. शिपायाने कोणतेही बटण फिरवून स्टेशन लावावयाचे नव्हते. किंबहुना तशी सोयच नव्हती. हे यंत्र ३.५ ते ६ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यातील एकाच कंप्रतेवर बांधलेले असे. ती बदलावयाची तर दुरुस्तीच्या तंबूत नेऊन आतील क्वार्ट्‌झचे स्फटिक आणि वेटोळी काढून दुसरी बसवावी लागत.

हाच पट्टा का निवडला, याचे उत्तर त्या स्फटिकात सापडते. क्वार्ट्‌झची चकती जितकी पातळ, तितकी तिची कंप्रता अधिक. पाच मेगाहर्ट्‌झची चकती मिलिमीटरच्या एक-तृतीयांश जाडीची असते. ती घासून तयार करणे कुशल कामगाराला जमते. चाळीस मेगाहर्ट्‌झसाठी त्याच रीतीने चकती घासू गेल्यास ती कागदाहूनही पातळ होईल व हातातच फुटेल. स्वस्त, साधे, लाखावर संख्येने करावयाचे यंत्र या पट्ट्यात सहज बसले. मात्र त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागली. पाच मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी साठ मीटर. तिला नीट सोडावयाचे तर तिच्या चतुर्थांशाइतके, म्हणजे पंधरा मीटरचे एरियल हवे. यंत्रावरील कांडी होती जेमतेम एक मीटरची! शक्तीचा बराच भाग वाया जाई, आणि जमिनीवर एक मैल गाठला तरी पुष्कळ झाले असे म्हणावे लागे. रात्री तर याच लहरी आयनांबरावरून परावर्तित होऊन दूरदूरची स्टेशने कानात आणून सोडत.

पाठीवरचा वॉकी-टॉकी, ‘एससीआर-३००’, सर्वस्वी निराळा. एडविन आर्मस्ट्राँग यांनी शोधलेल्या कंप्रता-विरूपणाच्या, म्हणजे एफएमच्या, पद्धतीवर तो चाले. आपली ही पेटंटे आर्मस्ट्राँग यांनी युद्धकाळात सैन्याला विनामूल्य वापरू दिली, ही गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. हे यंत्र ४० ते ४८ मेगाहर्ट्‌झमध्ये फिरवता येई. ४१ वाहिन्या, आवाज स्वच्छ, पल्ला सुमारे तीन मैल.

आता रणगाड्याकडे वळू. त्यातील ‘एससीआर-५०८’ यंत्रही एफएमच. पण त्याचा पट्टा २० ते २७.९ मेगाहर्ट्‌झ. तोफखान्याचा २७ ते ३८.९. विमानांचा १०० ते १५६. म्हणजे रणगाडा आणि तोफखाना एकमेकांना निसटता स्पर्श करीत. पायदळाची दोन्ही यंत्रे मात्र इतर कोणाशी तर नाहीच, पण आपसातही बोलू शकत नव्हती. प्रत्येक दलाने आपली गरज आपल्यापुरती मांडली आणि एकाची गर्दी दुसऱ्याला होऊ नये म्हणून आकाशाची अशी वाटणी झाली. कागदावर ती निर्दोष होती. माझ्या मते दोष एवढाच, की रणांगणावर शेजारी कोण असतो हा प्रश्न तिच्यात कोणी विचारलेला नव्हता.

मग एकच यंत्र सर्व पट्ट्यांवर फिरेल असे का केले नाही? कंप्रता दुप्पट करावयाची तर स्वरमेळाच्या मंडलातील धारकता चौथाईवर आणावी लागते, आणि यंत्रातील अशी सर्व मंडले बरोबरीने, पावलाला पाऊल लावून, सरकावी लागतात. व्हॉल्व्हच्या काळात हे शिपायाच्या पाठीला झेपेल अशा वजनात साधणे अतिशय कठीण होते.

तेव्हा जवानांनी तोडगा काढला तो विज्ञानाच्या पुस्तकात न सापडणारा. रणगाड्याच्या मागील अंगास पेटीत एक साधा तारेचा टेलिफोन बसवला. पायदळाचा माणूस रणगाड्याच्या आडोशाने उभा राहून आतल्यांशी बोले. विमानांच्या बाबतीत जनरल क्वेसाडा यांनी जुलै १९४४ मध्ये विमानातले यंत्र रणगाड्यातच चढवले आणि त्याच्याशी बोलण्यास वैमानिकही बसवला. २५ जुलैला सुरू झालेल्या मोहिमेत त्याचा मोठा उपयोग झाला. वॉकी-टॉकीची रणगाड्यात बसणारी आवृत्तीही निघाली, परंतु उशिरा.

युद्धानंतरच्या नव्या यंत्रांतही पट्टे वेगळेच राहिले: रणगाडा २० ते २७.९, तोफखाना २७ ते ३८.९, पायदळ ३८ ते ५४.९. यावेळी मात्र रणगाड्यात ४७ ते ५८.४ मेगाहर्ट्‌झचे एक लहानसे दुसरे यंत्र जोडले, आणि हातातले नवे ‘पीआरसी-६’ नेमके ४७ ते ५५.४ च्या पट्ट्यात ठेवले. पूर्ण ऐक्य झाले ते १९६० नंतरच्या दशकात, ‘पीआरसी-२५’ मुळे: ३० ते ७५.९५ मेगाहर्ट्‌झ, ९२० वाहिन्या, आणि ट्रान्झिस्टरांच्या मेळ्यात उरलेला एकच व्हॉल्व्ह.

आज काही हजार रुपयांच्या हातातल्या यंत्रात १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्‌झ असे दोन ऐसपैस पट्टे मावतात. आपल्या देशात अल्पशक्तीच्या अशा यंत्रांसाठी २०१८ मध्ये विनापरवाना मोकळी केलेली जागा मात्र ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ एवढीच आहे.

रणगाड्यामागील टेलिफोनाची गोष्ट राहिली. १९८० मध्ये सेवेत आलेल्या अमेरिकेच्या एब्रम्स रणगाड्यावर तो ठेवलेला नव्हता. इराकच्या शहरांतील लढाईनंतर त्या रणगाड्यासाठी जो सुधारणासंच तयार झाला, त्यात मागच्या अंगास बसवावयाचा टेलिफोन पुन्हा आला.