पोपट, कबुतरे आणि एका तापाची वंशावळ

ऑगस्ट २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावर महापालिकेने घातलेली ताडपत्री आंदोलकांनी फाडली आणि कबुतरांपासून होणाऱ्या आजारांचा वाद न्यायालयातून रस्त्यावर आला. त्या वादात भर होता तो विष्ठा-पिसांच्या धुळीने जडणाऱ्या फुप्फुसाच्या ॲलर्जीवर. पक्ष्यांकडून माणसाला लागणारा जिवाणूचा ताप ही निराळी गोष्ट, आणि तिचा इतिहास कबुतरांपासून नव्हे, पोपटांपासून सुरू होतो.

१८७९ साली स्वित्झर्लंडमधील उस्टर गावी याकोब रिटर या डॉक्टरच्या भावाच्या घरात सात जणांना न्यूमोनियासारखा ताप आला, तिघे दगावले. कोण घरात केव्हा आला, कुठे बसला, हे रिटरने तपासले आणि संशय ठेवला तो परदेशी पक्ष्यांच्या पिंजऱ्यांवर. जंतू त्याने पाहिलाही नव्हता!

१९२९-३० मध्ये दक्षिण अमेरिकेतून आलेले पोपट अमेरिका-युरोपच्या दिवाणखान्यांत पोहोचले आणि साथ पसरली. वॉशिंग्टनच्या हायजिनिक लॅबोरेटरीत चार्ल्स आर्मस्ट्राँग आजारी पोपट तपासत होते. त्यांचे सहायक हेन्री अँडरसन मरण पावले, आर्मस्ट्राँग स्वतः अंथरुणाला खिळले; पक्ष्यांना हातही न लावलेले कर्मचारी आजारी पडू लागले. अखेर संचालक जॉर्ज मॅकॉय यांनी पक्षी मारून इमारतीत विषारी धुरी दिली.

हा जंतू म्हणजे क्लॅमिडिया सिटासी. तो पेशींच्या आतच वाढतो, म्हणून कित्येक दशके त्याला विषाणू समजले गेले. त्याचा प्रकार ओळखायचा तर तो जिवंत वाढवणे भाग होते. म्हणजे पुन्हा तोच धोका. पीसीआर तंत्राने हा प्रश्न सोडवला. रुग्णाच्या घशातील स्रावातून जंतूच्या बाह्य आवरणातील प्रथिनाचे जनुक (ओम्प-ए) घेतले की काही तासांत त्याचे कूळ कळते: 'ए' प्रामुख्याने पोपटांचे, 'बी' कबुतरांचे, 'सी' बदकांचे, 'डी' टर्कींचे. रिटरचा संशय आता जनुकात वाचता येतो.

मात्र त्याआधी कोणाला तरी संशय यावा लागतो. कळमेश्वरसारख्या तालुक्याच्या गावी असा रुग्ण आला, तर ताप टायफॉइडचा किंवा साध्या न्यूमोनियाचाच वाटेल. पेनिसिलिन गटातील औषधांवर या आजारात विसंबता येत नाही, डॉक्सिसायक्लिन लागते. घरात पक्षी आहेत का, हा रिटरचा प्रश्न कोणी विचारलाच नाही, तर नमुना पीसीआरपर्यंत पोहोचतच नाही.