हरित पट्ट्यातील अशांतता: नंदाखाल आणि वसईचे शहरीकरण

वसई तालुक्याच्या पश्चिम भागातील नंदाखाल हे सामवेदी ख्रिस्ती समाजाचे, म्हणजे पोर्तुगीज राजवटीत धर्मांतरित झालेल्या आणि घरात आजही कादोडी बोली बोलणाऱ्या शेतकऱ्यांचे जुने गाव असून, तेथील पवित्र आत्मा चर्चची स्थापना १५७३ साली झाली. मराठा सेनापती चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकल्यानंतरही हा समाज आपल्या वाड्यांवर, म्हणजे केळी, पानवेल, फुले आणि भाजीपाला पिकवणाऱ्या बागायतीवर टिकून राहिला. या बागायतीचा आधार होता बावखल, म्हणजे पावसाचे गोडे पाणी साठवण्यासाठी पूर्वजांनी खोदलेले तळे. त्यातून वाड्यांना पाणी मिळे, भोवतालच्या विहिरी भरत आणि समुद्र जवळ असूनही भूजल गोडे राही.

विरारहून मुंबईकडे १८६७ पासून गाडी धावत होती, पण दीर्घकाळ तिने या पट्ट्यातील फुले, दूध आणि भाजी शहराकडे नेली. शहर इकडे येऊ लागले ते मुंबईतील घरे सामान्यांच्या आवाक्याबाहेर गेल्यावर, आणि १९८२ च्या गिरणी संपाने कामगार वस्त्या विस्कटल्यानंतर हा ओघ अधिकच वाढला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस शासनाने हरित पट्ट्यातील मोठे क्षेत्र बांधकामाला खुले केले आणि १९९० मध्ये सिडको या शासकीय नगरनियोजन महामंडळाकडे वसई-विरार उपप्रदेशाचे नियोजन सोपवले. इमारतींना वाट आधी मोकळी झाली आणि पाणी, सांडपाणी व पोलीस यांची तजवीज मागे राहिली, हा क्रमच पुढील अनर्थाचे मूळ होय.

शेतजमीन बिनशेती होताच तिचा भाव अनेक पटींनी वाढत असल्याने जमीन मिळवणे हा दलाल आणि गुंडांच्या टोळ्यांचा धंदा बनला. नालासोपारा रेल्वे स्थानकावर ऑक्टोबर १९८९ मध्ये बांधकाम व्यावसायिक सुरेश दुबे यांची गोळ्या घालून हत्या झाली. हा खटला टाडा, म्हणजे दहशतवादी कृत्यांविरुद्धच्या त्या काळच्या विशेष कायद्याखाली चालला. जमिनीच्या व्यवहारातील रक्तपाताला राज्यव्यवस्थेने दहशतवादाच्या कायद्याने उत्तर द्यावे, यावरून त्या वर्षांतील भय किती खोल होते याची कल्पना येते.

अशा वातावरणात उभ्या राहिलेल्या हरित वसई संरक्षण समितीचे नेतृत्व नंदाखालचे सुपुत्र फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केले, आणि ख्रिस्ती व हिंदू शेतकरी तिच्या मोर्चांत एकत्र चालले, ही या लढ्याची सर्वांत मोलाची बाजू आहे. त्यांचा रोष नव्या रहिवाशांवर नव्हता. वाड्यांतील विहिरींचे पाणी टँकरने उपसून इमारतींना विकले जात होते, उपशामुळे विहिरी खाऱ्या होण्याची भीती होती आणि बावखले भरावाखाली जात होती, त्याविरुद्ध तो होता.

वाढत्या शहरातील टोळ्यांच्या हिंसेबाबत पापुआ न्यू गिनीची राजधानी पोर्ट मोर्झ्बी हिचा इतिहास येथे उद्बोधक ठरतो. १९७५ च्या स्वातंत्र्यानंतर ते शहर मोटू-कोइटा या मूळ रहिवाशांच्या गावांभोवती वेगाने पसरले, ‘रास्कोल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टोळ्या माजल्या आणि १९८५ मध्ये तेथे आणीबाणी व संचारबंदी लागू झाली. तेथील टोळ्यांच्या मुळाशी प्रामुख्याने स्थलांतरितांच्या वस्त्यांतील बेकार तरुणांची निराशा होती. वसईत मात्र हिंसा जमिनीच्या नफ्यातून, म्हणजे वरून खाली आली, आणि म्हणून ती सत्तेच्या अधिक जवळ राहिली.

चार नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून २००९ मध्ये वसई-विरार महापालिका स्थापन झाली, तेव्हा गावे वगळण्यासाठी पुन्हा तीव्र आंदोलन पेटले. २०११ मध्ये शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला आणि तो न्यायालयीन वादात अडकला. त्याच वर्षीच्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती, तरी स्वतंत्र पोलीस आयुक्तालय, तेही मीरा-भाईंदरसह, मिळण्यास ऑक्टोबर २०२० उजाडावा लागला. तोवर अनधिकृत बांधकामाने पूर्वेकडे मूळ धरले होते. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जागेवरील ४१ इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडण्याची कारवाई २०२५ च्या प्रारंभापर्यंत पूर्ण झाली, आणि त्यात ज्यांची घरे गेली त्यांच्यात बचत मोडून घर घेतलेली अनेक सामान्य कुटुंबे होती.